२० वॅटचा घरचा ॲम्प्लिफायर, जास्त व्होल्टेजच्या ऑप-अँपवर : प्रकल्प नोंदी

११ जानेवारी २०२५

गिरगावातल्या आमच्या खोलीसाठी स्टिरिओ पॉवर ॲम्प्लिफायर करायचा, हे नक्की झालं. खोली १० बाय १२ फुटांची. स्पीकर ८ ओहमचे, १ वॅटला १ मीटरवर ८८ डेसिबल देणारे. ऐकायची ती मुख्यतः मैफलींची जुनी ध्वनिमुद्रणं. तानपुऱ्याची जवारी आणि डग्ग्याची घुमक एकाच वेळी स्वच्छ यायला हवी, माझी अट एवढीच.

रचना साधी ठेवणार आहे. व्होल्टेज वाढवण्याचं सगळं काम एका ऑप-अँपकडे (सिग्नल मोठा करणारी तयार चिप), त्यापुढे करंट पुरवणारी एनपीएन-पीएनपी ट्रान्झिस्टरांची जोडी, आणि दोन्ही एकाच फीडबॅकच्या आत, म्हणजे आउटपुट इनपुटशी ताडून चूक सुधारणाऱ्या एकाच लूपमध्ये. इनपुटची जोडी, तिचा करंट सोर्स, मग व्होल्टेजचा टप्पा हे सगळं सुट्या ट्रान्झिस्टरांनी उभं करता येतं आणि मी ते पूर्वी केलंही आहे. या वेळी मला सगळं लक्ष आउटपुटच्या टप्प्यावर हवंय.

नेहमीचा ऑप-अँप ±१५ व्होल्टवर चालवला तर आउटपुटला शिखर मिळतं जेमतेम १३ व्होल्ट. १३ चा वर्ग भागिले १६, म्हणजे ८ ओहमला साडेदहा वॅट. एरवी ऐकताना सरासरी अर्धा वॅटही लागत नाही, पण तबल्याची थाप त्या सरासरीच्या कितीतरी वर जाते. तिचा शेंडा छाटला गेला की डग्ग्याची घुमक जाते आणि नुसता ठोका उरतो. म्हणून २० वॅट हवेत. ८८ डेसिबलवर १३ डेसिबल चढले की १०१ होतात. चाळीतल्या खोलीला तेवढे भरपूर. त्यापुढे वॅट दुप्पट केले तरी पदरात ३ डेसिबलच पडतात.

भाचा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कागद बघून म्हणाला, "मावशी, सरळ एलएम ३८८६ लाव ना. एका चिपमध्ये काम होतं."

होतं, आणि चांगलं होतं. पण त्या चिपमध्ये आउटपुट ट्रान्झिस्टरांचा बायस (सिग्नल नसतानाही त्यांतून वाहता ठेवलेला करंट) किती ठेवायचा हे आपल्या हातात नसतं, आणि मला नेमकं तेच हातात हवंय. त्याला म्हटलं, "तू ३८८६ वर एक कर, मग दोन्ही शेजारी ठेवून ऐकू."

१८ जानेवारी

चिपची निवड. ७४१ आणि ५५३४ हे नेहमीचे ऑप-अँप दोन्ही घरात पडून आहेत. ५५३४ आवाजाच्या कामाला उत्तमच, पण एकूण ४४ व्होल्ट ही तिची शेवटची हद्द. ७४१ तर स्ल्यू रेटमध्येच, म्हणजे आउटपुट किती वेगाने बदलू शकतं त्यातच, मार खातो. ०.५ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंदाने १८ व्होल्टच्या शिखरापर्यंत पूर्ण साइन वेव्ह न्यायची तर साडेचार किलोहर्ट्झच्या आतच तिचा त्रिकोण होऊ लागतो. मला २० किलोहर्ट्झला निदान २.३ हवेत, आणि त्याच्या कितीतरी पट हाताशी असलेले बरे.

जास्त व्होल्टेजचे पर्याय मांडले. ओपीए ४४५ ला ±४५ व्होल्ट चालतात. ओपीए ४५४ ला ±५०, पण तो पोटाखाली धातूची पट्टी असलेल्या एसएमडी रूपात (बोर्डाच्या पृष्ठभागावरच डाग द्यायच्या) येतो आणि ती पट्टी बोर्डाला नीट डाग देऊन बसवावी लागते. एलटीसी ६०९० तर ±७० पर्यंत जातो. ओपीए ५५१ आणि ५५२ ची हद्द ±३०, पण दोघेही २०० मिलिॲम्पिअर देतात, आणि आठ पायांच्या साध्या डीआयपीत (पाय बोर्डाच्या भोकांत बसतात त्या रूपात) मिळतात.

आकडा मोठा म्हणून ४४५ कडे हात जातो. त्याचा गेन-बँडविड्थ (गेन, म्हणजे सिग्नल किती पट मोठा होतो, गुणिले फ्रिक्वेन्सी) मात्र २ मेगाहर्ट्झ आहे. २० किलोहर्ट्झला उघडा, फीडबॅकविना गेन उरतो १००. त्यातले २१ मी वापरणार, म्हणजे आउटपुटच्या चुका सुधारायला पाचपटीच्या आसपासच फीडबॅक शिल्लक. ५५२ चा १२ मेगाहर्ट्झ. तिथे तोच हिशोब २८-२९ पट येतो. क्रॉसओव्हरचा, म्हणजे एका ट्रान्झिस्टरकडून दुसऱ्याकडे काम जातानाचा, खडबडीतपणा वरच्या पट्टीतच जास्त बोचतो, तेव्हा शिल्लक तिथेच हवी. व्होल्टेज कामापुरतं आणि वेग भरपूर, म्हणून ५५२.

एक अट मात्र कायम डोळ्यांसमोर ठेवायची. ५५२ हा ५ किंवा त्याहून जास्त गेनलाच स्थिर राहतो. ॲम्प्लिफायरच्या बऱ्याच आकृत्यांत फीडबॅकच्या रेझिस्टरवर ४७ किंवा १०० पिकोफॅराडचा कॅपॅसिटर सवयीने आडवा टाकलेला असतो. तो इथे टाकला तर वरच्या फ्रिक्वेन्सीला गेन १ वर येतो आणि चिप डोलायला, म्हणजे आपणहून कंप पावायला लागते. वरची पट्टी कापायची ती इनपुटलाच.

२५ जानेवारी

ट्रान्सफॉर्मर ठरवायच्या आधी गेला आठवडाभर भिंतीच्या सॉकेटचं व्होल्टेज वहीत टिपलं. संध्याकाळी सगळ्या घरांत दिवे-पंखे सुरू झाले की २२६. दुपारी २३८. मध्यरात्रीनंतर २४८ पर्यंत चढतं. या डिझाइनमध्ये सर्वांत महत्त्वाचा आकडा हाच आहे, कारण ऑप-अँपची ६० व्होल्टची एकूण हद्द आणि हे सॉकेट यांची गाठ थेट पडते.

२२-०-२२ चा ट्रान्सफॉर्मर कागदावर आकर्षक दिसतो: २२ गुणिले १.४१४, ३१ व्होल्ट, डायोडचा एक वजा, झाले ३०. पण भार नसताना ट्रान्सफॉर्मर सहज ८ टक्के जास्त देतो आणि मध्यरात्री सॉकेटही ८ टक्के वर असतं. दोन्ही धरले तर एका बाजूला ३५ व्होल्ट. २०-०-२० ला ३२. दोन्ही बाद.

१८-०-१८ ला तोच हिशोब २८.८ वर थांबतो. मध्यरात्री, ॲम्प्लिफायर नुसता चालू, गाणं बंद, तरीही हद्दीच्या आत. पूर्ण भाराला तो साडेचोवीसवर येईल, रिपल (डीसीवर उरलेला चढउतार) धरून २२. त्यातून आउटपुट टप्प्याचे आणि करंट सोर्सचे मिळून साडेतीन-चार व्होल्ट गेले की शिखर १८. १८ चा वर्ग भागिले १६, बरोबर २० वॅट.

१८-०-१८, ५ ॲम्पिअर, टोरॉइडल (गोल कड्यासारखा). गुंडाळून देणाऱ्याकडे ऑर्डर दिली. प्रायमरी आणि सेकंडरीच्या मध्ये तांब्याच्या पत्र्याचा स्क्रीन टाकायला सांगितलाय.

१ फेब्रुवारी

लॅमिंग्टन रोड, मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. शनिवारी सकाळी दुकानं उघडताना गेलं की काउंटरवरचा माणूस निवांत बोलतो. ग्रँट रोड स्टेशनकडून आत शिरलं की पहिली काही दुकानं मोबाइल आणि सीसीटीव्हीची. सुटे भाग विकणारी दुकानं आता मुद्दाम शोधावी लागतात. तरी ०.२२ ओहम ५ वॅटचे रेझिस्टर, १०,००० मायक्रोफॅराड ५० व्होल्टचे कंडेन्सर, ३५ ॲम्पिअरचा धातूचा ब्रिज (एसीचा डीसी करणारा), मायका वॉशर, झिरो बोर्ड हे सगळं एका फेरीत मिळालं. ओपीए ५५२ इथे कोणाकडेच नव्हते, ते ऑनलाइन मागवलेत.

आउटपुटला डी १०४७ आणि बी ८१७ ची जोडी घ्यायची ठरवली होती. १४० व्होल्ट, १२ ॲम्पिअर, १०० वॅट, आणि १५ मेगाहर्ट्झचा वेग. ५५२ सोबत लूपची वेस (फीडबॅक जिथपर्यंत काम करतो ती सीमा) अर्ध्या मेगाहर्ट्झच्या थोडी वर येते, त्यामुळे हा वेग पुरेसा लांब राहतो. २एन ३०५५ आपल्याकडे घरोघरी होता, पण तीन मेगाहर्ट्झच्याही आतला ट्रान्झिस्टर या लूपमध्ये घ्यायला माझं मन धजत नाही.

दोन दुकानांतून दोन-दोन जोड्या घेतल्या. दुसऱ्या दुकानात भाव निम्म्याच्या आसपास होता. विचारलं तर म्हणाले, "ताई, ओरिजनलच आहे. घरी चेक करा, नाही पटलं तर परत आणा."

८ फेब्रुवारी

केलं चेक. दोन्ही दुकानांचे डी १०४७ शेजारी ठेवले तर छपाई सारखीच, पाय सारखेच, करंट गेनही कमी करंटला सारखाच दाखवतात. फरक कलेक्टर आणि बेस यांच्यामधली कपॅसिटन्स मोजल्यावर कळला. स्वस्तातल्यांची निम्म्याहूनही कमी निघाली. कपॅसिटन्स कमी म्हणजे आत सिलिकॉनचा तुकडा लहान, आणि १०० वॅटचा ट्रान्झिस्टर लहान तुकड्यातून होत नाही.

खात्रीसाठी दोन्हींतला एकेक फोडला. पाठीचा पत्रा व्हाइसमध्ये धरून काळं प्लॅस्टिक पकडीने कडेकडेने तोडत गेलं की मधोमध तो करडा चौकोन उघडा पडतो. महागाचा साडेतीन-चार मिलिमीटरचा. स्वस्ताचा दीड. दीड मिलिमीटरचा तो तुकडा दोन ॲम्पिअरला कदाचित तगेलही, पण बास लागला असताना स्पीकरची तार एकमेकींना टेकली की त्याच क्षणी आतून शॉर्ट होईल आणि अख्खा डीसी स्पीकरमध्ये जाईल. उरलेले परत केले. त्यांनी न बोलता पैसे दिले. घरी जोडकाम करणाऱ्या प्रत्येकाला माझं कळकळीचं सांगणं आहे की कपॅसिटन्स मोजणारा साधा मीटर घ्या. मूळ ट्रान्झिस्टर फोडायची दर वेळी गरज नाही, मोजायची आहे.

१६ फेब्रुवारी

आकृती पक्की केली. एका चॅनेलची नोंद:

इनपुटला २.२ मायक्रोफॅराडचा फिल्म कॅपॅसिटर आणि २२ किलोओहम, खालची सीमा ३.३ हर्ट्झ. पुढे १ किलोओहम आणि ३३० पिकोफॅराड, वरची सीमा पाचशे किलोहर्ट्झच्या जरा खाली. फीडबॅक २२ किलोओहम आणि १.१ किलोओहम, गेन २१. खालच्या पायात २२० मायक्रोफॅराड, म्हणजे डीसीला गेन १, आणि ऑप-अँपचा एक-दोन मिलिव्होल्टचा ऑफसेट (सिग्नल नसतानाचा चुकार डीसी) आहे तेवढाच आउटपुटला येईल. ५५२ चा इनपुट एफईटीचा (जवळजवळ करंट न घेणाऱ्या ट्रान्झिस्टरचा), त्यामुळे २२ किलोओहम त्याला जाणवतही नाहीत.

ऑप-अँपचं आउटपुट बायसच्या साखळीच्या मधोमध. साखळीला वरून-खालून ५ मिलिॲम्पिअरचे करंट सोर्स: लाल एलईडी, २२० ओहम, आणि ६५ व्होल्ट सोसणारे बीसी ५४६ आणि ५५६. बायसचा ट्रान्झिस्टर बीडी १३९, मधल्या भोकातून स्क्रूने थेट हीटसिंकवर. त्याचा प्रीसेट (फिरवून जुळवायचा रेझिस्टर) बेस आणि एमिटरच्या मध्ये ठेवलाय, कलेक्टरच्या बाजूला नाही. प्रीसेटचा सरकता पाय कधीतरी सुटतोच, मुंबईच्या हवेत तर लवकर. तो या बाजूला सुटला तर बायस शून्याकडे पडतो आणि आवाज खरखरतो, इतकंच. दुसऱ्या बाजूला सुटला तर बायस उघडा पडून आउटपुट ट्रान्झिस्टर जळतात.

ड्रायव्हर (आउटपुट ट्रान्झिस्टरांच्या बेसला करंट देणारे) म्हणून बीडी १३९ आणि १४०. यावर भाच्याशी बराच वेळ चर्चा झाली. त्याचं म्हणणं, "५५२ मध्ये २०० मिलिॲम्पिअर आहेत ना, मग ड्रायव्हर कशाला?" हिशोबाने त्याचं बरोबर आहे. ८ ओहमला शिखराला सव्वादोन ॲम्पिअर, गेन ६० धरला तर बेसला ३८ मिलिॲम्पिअर. ५५२ ते हसतखेळत देईल. पण ही चिप काही न करता ७ मिलिॲम्पिअर खाते, ४८ व्होल्टला एक तृतीयांश वॅट. डीआयपीचं अंग प्रत्येक वॅटला १०० अंश चढतं. म्हणजे ३५ अंशांच्या खोलीत ती मुळातच सत्तरीला. त्यावर संगीताच्या तालावर कमीजास्त होणारा करंट तिच्याकडून घेतला तर त्याच सिलिकॉनवर बसलेली इनपुटची नाजूक जोडीही त्या तालावर तापते-निवते, आणि ते खालच्या पट्टीत उमटतं. ड्रायव्हर टाकले की चिपला एक मिलिॲम्पिअरही द्यावा लागत नाही.

२ मार्च

पहिल्यांदा वीज दिली. सिरीज बोर्डावर, जोडणीत चूक असेल तर करंट अडवायला, ६० वॅटचा जुना तारेचा दिवा. हे दिवे आता मिळेनासे झालेत, असलेले जपून ठेवलेत. प्रीसेट बायस शून्यावर, आउटपुटला काही जोडलेलं नाही. कंडेन्सर भरेपर्यंत दिवा क्षणभर पेटला आणि विझला. रेल (दोन्ही बाजूंचा डीसी पुरवठा) ±२६.१ आणि ±२६.३. आउटपुटला डीसी १.४ मिलिव्होल्ट.

भाचा दिव्याकडेच बघत होता. "मावशी, लागला?" "लागला. आता दिवा काढ."

९ मार्च

डमी लोडवर (स्पीकरऐवजी लावलेल्या रेझिस्टरवर) साइन वेव्ह. १ किलोहर्ट्झ, ५ वॅट. स्कोपवर, म्हणजे लहर दाखवणाऱ्या पडद्यावर, वरचा अर्धा भाग रेघेसारखा बारीक, खालच्या अर्ध्या भागाच्या पोटाशी मात्र रेघ जाड आणि केसाळ. टाइमबेस ओढत नेला तेव्हा तो जाडपणा सुटा झाला: साधारण ४ मेगाहर्ट्झची झिणझिण, फक्त पीएनपी बाजू जोरात चालत असतानाच येणारी. ही लूपची अस्थिरता नव्हे. लूप अर्ध्या मेगाहर्ट्झलाच संपलेला असतो. ही एकट्या एमिटर फॉलोअरची (फक्त करंट वाढवणाऱ्या आउटपुट ट्रान्झिस्टरची) खोड. बेसपर्यंतची तार आणि ट्रान्झिस्टरची कपॅसिटन्स मिळून त्याचाच ऑसिलेटर होतो.

बी ८१७ च्या बेसला, अगदी पायाशी, ४.७ ओहम टाकला. केस गेले. सारखेपणासाठी डी १०४७ लाही टाकला. कलेक्टरपासून बोटभर अंतराच्या आत १०० नॅनोफॅराड रेलवरून ग्राउंडला. आउटपुटला १० ओहम आणि १०० नॅनोफॅराडची, वरच्या फ्रिक्वेन्सीला स्थिर ठेवणारी नेहमीची झोबेल जोडी, आणि १० ओहमच्या २ वॅटच्या रेझिस्टरवरच गुंडाळलेले जाड तांब्याच्या तारेचे दहा वेढे. त्यानंतर डमी लोडला समांतर १०० नॅनोफॅराड, मग २.२ मायक्रोफॅराड लावून स्क्वेअर वेव्ह दिली. कोपऱ्याला दोन-तीन हेलकावे येतात आणि शमतात. चालेल.

१६ मार्च

बायस. यासाठीच हा सगळा घाट.

लॅपटॉपवर स्पेक्ट्रम उघडा ठेवून १० किलोहर्ट्झ, १ वॅट, आणि प्रीसेट कणाकणाने फिरवत गेले. एका एमिटर रेझिस्टरवर ३ मिलिव्होल्ट असताना विषम हार्मोनिकची (मूळ सुराच्या तीन, पाच, सात पट फ्रिक्वेन्सीच्या नको असलेल्या सुरांची) रांगच्या रांग उभी. १० ला ती निम्मी खाली बसली. २० ते २३ च्या मध्ये सर्वांत खाली. ४५ ला नेलं तर पुन्हा वर आली. जास्त बायस म्हणजे जास्त गोड आवाज, हा समज सर्रास ऐकू येतो, पण एबी वर्गात तसं नसतं. दोन्ही ट्रान्झिस्टर एकत्र चालू असलेला पट्टा रुंद होतो, त्या पट्ट्यात गेन थोडा जास्त आणि बाहेर कमी, आणि ही पायरी संगीताच्या मधोमध येऊन बसते. २२ मिलिव्होल्टवर ठेवलं. ०.२२ ओहमला बरोबर १०० मिलिॲम्पिअर, एका चॅनेलला पाच वॅटची स्थिर उष्णता.

तिसरा हार्मोनिक मूळ सुरापेक्षा ८४ डेसिबल खाली. १ किलोहर्ट्झला तर साउंड कार्डाचीच मर्यादा आड येते.

३० मार्च

पाडवा. सकाळी शोभायात्रा, खाली रस्ताभर ढोल-ताशे. दुपारी पेटीला भोकं पाडली, बाकी काही नाही.

१३ एप्रिल

दोन्ही चॅनेल पेटीत. कान स्पीकरला लावला तर १०० हर्ट्झची बारीक गुणगुण. ब्रिजकडून कंडेन्सरला जाणारे चार्जिंगचे झटके दहा-पंधरा ॲम्पिअरचे असतात, आणि ज्या जाड पट्टीवर ते वाहतात त्याच पट्टीच्या टोकावरून इनपुटचं ग्राउंड घेतलं की ती पट्टी स्वतःच सिग्नल होते. दोन्ही कंडेन्सरच्या मधल्या बिंदूपासून एक वेगळी तार काढून तिच्या टोकाला स्टार केला. स्पीकरच्या परतीच्या तारा, झोबेल, अर्थिंग सगळं तिथे. इनपुटचं ग्राउंड तिथून १० ओहममधून. टोरॉइड हाताने हळूहळू फिरवत सर्वांत शांत कोन शोधला आणि मग नट आवळला. आता कान जाळीला टेकवल्यावरच काय ते कळतं.

रात्री तानपुरा लावून ऐकला. जवारीतले वरचे स्वर एकेक करून वेगळे उमटतात, एकात एक मिसळत नाहीत. हे ऐकायचं म्हणूनच ५५२ घेतला होता.

४ मे

उन्हाची परीक्षा. दुपारी खोलीत ३४ अंश, पंखा बंद. ८ ओहमला ही जोडी जास्तीत जास्त उष्णता टाकते ती पूर्ण आवाजाला नव्हे, साधारण ६४ टक्के उंचीच्या साइनला. एका चॅनेलला साडेचौदा वॅट. तशी साइन दोन्ही चॅनेलना दीड तास दिली. हीटसिंक ६३ अंशांवर स्थिरावला. साइन बंद केल्याबरोबर बायस पाहिला: २२ चा २५ झाला होता, पाच मिनिटांत २२ वर परतला. बीडी १३९ आउटपुट ट्रान्झिस्टरच्या अगदी शेजारी बसवल्याचा हा फायदा. हीटसिंकच्या दुसऱ्या टोकाला असता तर त्याला बातमी उशिरा कळली असती.

४ ओहमचे स्पीकर या पेटीला लावायचे नाहीत. उष्णता दुप्पट होते आणि मुंबईच्या मे महिन्यात हीटसिंकला तेवढी जागा शिल्लक नसते. मागच्या पत्र्यावर '८ ओहम' असं पेंटने लिहिलं.

२७ मे

कालच पाऊस आला, मे संपायच्या आत. ओलावा वाढायच्या आधी दोन्ही बोर्डांवरचा फ्लक्स स्पिरिटने धुऊन लॅकर मारलं होतं. इनपुटच्या २२ किलोओहमच्या भोवती चिकट फ्लक्स राहिला की पावसाळ्यात तिथेच गळती सुरू होते.

शेवटचं काम स्पीकरच्या रिलेचं, आउटपुटला डीसी आला तर स्पीकर तोडणाऱ्या. यूपीसी १२३७ ची चिप, २४ व्होल्टचा रिले. स्पीकर रिलेच्या हलत्या पट्टीला जोडलाय आणि बंद असतानाची टोकं ग्राउंडला. डीसी तोडताना ठिणगी दोन टोकांमध्ये ताणून राहू शकते. असं जोडलं की ती स्पीकरमध्ये न जाता ग्राउंडला जाते. आउटपुटऐवजी ९ व्होल्टची बॅटरी लावून पाहिलं, रिले टप्पकन सुटला. बॅटरी उलटी लावली, तरी सुटला. सुरू करताना चार सेकंदांनी लागतो, बंद करताना लगेच सुटतो.

भाच्याचा ३८८६ पुढच्या महिन्यात तयार होईल. त्याच्यासाठी तोच ट्रान्सफॉर्मर वापरता यावा म्हणून पेटीच्या मागे १८-०-१८ ची तीन टोकं बाहेर काढून ठेवलीत, फ्यूजसकट.